‘मालक’ : एका अभिवाचनाची नोंदवही

१५ जून २०२५, रविवार, फोंडा (गोवा)

वाचनालयाच्या माडीवर पहिली बैठक. चारला जमायचं होतं, साडेचारला जमलो. कादंबरीसुद्धा १५ जूनलाच सुरू होते, १८८६ सालच्या. दुपारी चारच्या सुमारास, लंडनमध्ये, थोरल्या जोलियन फोर्साईटच्या घरी, नातीच्या साखरपुड्याच्या चहापानाला. हा योग आम्ही जुळवून आणलेला नाही. माडीवरचा पंखा दुरुस्त होऊन यायला एवढे दिवस लागले.

ठरलं ते असं : जॉन गॉल्सवर्दी यांची ‘द मॅन ऑफ प्रॉपर्टी’ (१९०६) मराठीत आणायची आणि तिचं दोन तासांचं अभिवाचन करायचं. चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर, ऑक्टोबरात. ‘फोर्साईट सागा’तली ही पहिली कादंबरी. पुढच्या दोन (१९२० आणि १९२१) यात नाहीत. गुरुजींना तिन्ही हव्या होत्या. तिन्ही घेतल्या तर मंडळी शेवटच्या बसला मुकतील, असं ग्रंथपालांनी सांगितल्यावर ते गप्प झाले.

हक्कांचं पाहिलं. लेखक वारले ३१ जानेवारी १९३३ रोजी. आपल्याकडे आता मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे ते केव्हाच संपले. कोणाला पत्र लिहायला नको.

वाटणी : गुरुजी थोरले जोलियन आणि जेम्स वाचणार. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ सोम्स (जेम्सचा मुलगा, सॉलिसिटर) आणि निवेदन. आमच्या वाचनालयात अभ्यासाला बसते ती कॉलेजातली मुलगी आयरीन, म्हणजे सोम्सची बायको, वाचणार. आत्याबाई मी आणि ग्रंथपालांच्या वहिनी मिळून. भाषांतर माझ्याकडे. का, तर ‘‘तू दिवसभर प्रॉपर्टीचंच टाइप करतेस.’’ खोटं नाही. वकिलांच्या ऑफिसात अठरा वर्षं विक्रीखतं, मृत्युपत्रं आणि इन्व्हेंटरीचे (वारसांमधल्या वाटणीचे) अर्ज टाइप करते आहे. पण सॉलिसिटरच्या घरातली बायको कधी टाइप केलेली नाही.

१८ जून

पात्रांची यादी. म्हातारी भावंडंच दहा. ॲन, जोलियन, जेम्स, स्विदिन, रॉजर, ज्यूली, हेस्टर, निकोलस, टिमथी, सुझन. बाप डॉर्सेटकडून आलेला गवंडी, लंडनमध्ये घरं बांधून वर आला. दहा मुलांना मिळून ३०,००० पौंड ठेवून गेला. त्यातून एवढा पसारा. दोन पिढ्यांमागे हातात थापी होती, याचा उल्लेख घरात कोणी फारसा करत नाही. आमच्याकडेही अशी घरं आहेत. गाव सांगत नाही.

पहिली अडचण नावाचीच. ज्या नातीचा साखरपुडा आहे तिचं नाव जून. महिनाही जून. त्यात मराठीत जून म्हटलं की भेंडी आठवते. मी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं, ‘‘जूनचा साखरपुडा होता,’’ आणि वहिनी फिसकन हसल्या. ‘ज्यून’ लिहायचं ठरलं. उच्चारालाही जवळ, आणि बाजारात मिळत नाही.

२२ जून, रविवार

नाती लावत बसले. इंग्रजीत सगळ्या ‘आंट’. मराठीत तसं चालत नाही, बाई कोणाची कोण हे पहिल्याच शब्दात सांगावं लागतं. सोम्स हा जेम्सचा मुलगा. म्हणजे ॲन, ज्यूली, हेस्टर या त्याच्या आत्या. ॲन आणि हेस्टर बिनलग्नाच्या, ज्यूली विधवा. तिघी धाकट्या भावाच्या, टिमथीच्या घरी राहतात. आत्या हा शब्द लिहिला आणि बेझवॉटर रोडवरचं ते घर आपोआप उघडलं. माहेरी राहिलेल्या तीन आत्या, दर रविवारी चहाला येणारे भाचे, आणि जो आला नाही त्याच्याबद्दलची चर्चा. इंग्रजी वाचताना मला हे एवढं जवळचं वाटलं नव्हतं. एका शब्दानं वाटायला लागलं.

थोरले जोलियन, धाकटे जोलियन हेही छान बसलं. ‘ओल्ड’ आणि ‘यंग’ करून पाहिलं होतं, दुकानाच्या पाटीसारखं दिसलं.

टोपीचा प्रसंग घेतलाच पाहिजे. ज्यूनचा होणारा नवरा फिलिप बॉसिनी हा आर्किटेक्ट, खिशात दमडी नाही. आत्यांना पहिल्यांदा भेटायला येतो तो मऊ, करडी, धुळकट टोपी घालून. उंच काळी हॅट नाही. दिवाणखान्याबाहेरच्या अंधाऱ्या जागेत खुर्चीवर ती टोपी पडलेली, हेस्टर आत्याची नजर अधू, तिला वाटतं कुठलं तरी परकं मांजर. ती हुसकायला जाते. पुढच्या आठवड्यात सगळ्या खानदानाला टोपी माहीत. माणूस अजून कोणी धड पाहिलेला नाही. वर्ग म्हणजे काय ते एवढ्यात सांगून झालं.

२९ जून

मटण. फोर्साईटांच्या प्रत्येक मोठ्या जेवणात मेंढ्याच्या पाठीचं मटण असलंच पाहिजे. त्यात कुठल्या गावचं मेंढरू, यावर वाद. थोरले जोलियन डार्टमूरचं म्हणतात, जेम्स वेल्सचं, स्विदिन साउथडाउनचं. निकोलस म्हणतो लोक हसोत, न्यूझीलंडसारखं नाही. रॉजर सगळ्यांहून वेगळा, तो जर्मन मटण विकणारं दुकान शोधून काढतो.

बँकेतले भाऊ म्हणाले, मटण काढ, मानकुराद (आमचा गोव्याचा आंबा) घाल. प्रत्येक घर आपल्याच भाटातला (बागायतीतला) मानकुराद खरा म्हणतं, दुसऱ्याचा तो रेषाळ. मोह झाला. अर्धं पान लिहूनही पाहिलं, आणि मजकूर झकास झाला होता. तरी फाडलं. आंबा झाडाला लागतो, दारातच. हे लोक मटण विकत आणतात आणि ते महाग पडतं यातच त्यांचं समाधान आहे. मटण राहू दे. ऐकणाऱ्याला मानकुराद आठवायचा तो आठवेल.

६ जुलै

‘उच्च मध्यमवर्ग’ हा शब्द चार ठिकाणी लिहिला होता, चारही ठिकाणी खोडला. आज मराठीत त्याचा अर्थ तीन बेडरूमचा फ्लॅट आणि मुलगा बंगळुरूला. फोर्साईट तसे नाहीत. पण ते भाटकारही (आमच्याकडचे जमीनदार) नाहीत. भाटकार म्हणजे भाट, माड, पोफळी, वाड्यावर मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे), आणि त्यांनी आणून दिलेला फणस. फोर्साईटांकडे जमिनीपेक्षा कागद जास्त : शेअर, भाडेपट्टे, व्याज. थोरल्या जोलियनांचा चहाचा व्यापार. जेम्स सॉलिसिटर. स्विदिन घरं-जमिनींचा दलाल. निकोलसचा पैसा खाणी आणि रेल्वेत. टिमथीनं तर पुस्तक-प्रकाशनाच्या धंद्यातून अंग काढून पैसे सरकारी कर्जरोख्यांत, तीन टक्क्यांनी ठेवले. त्यामुळे बाकीची भावंडं त्याला जरा कमकुवत समजतात. चार टक्क्यांखाली पैसे ठेवणं हे त्या घरात चारित्र्यावर येतं.

निकोलसच्या खाणी वाचल्यावर माडीवर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे ‘खाणवाले’ एवढा शब्द पुरतो. त्यात बंगला, ट्रक, देवळाला दिलेली समई आणि लोकांची भुवई, सगळं येतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केली तेव्हा ट्रकवाले आमच्याच ऑफिसात कर्जाचे कागद घेऊन बसले होते. खाणवाले आले नाहीत. त्यांचे कागद पणजीत.

वर्गाला नाव न देता पुढे जायचं. धंदा, व्याजदर आणि टोपी सांगायची. बस.

१३ जुलै

शीर्षक. आतापर्यंतची यादी : मालमत्तेचा माणूस (सरकारी परिपत्रक). इस्टेटदार (जुनं नाटक). धनी (मग नोकर लागतो). संपत्तीवान (पेपरातली बातमी). भाटकार (वर लिहिलंय). गुरुजींचं ‘स्वामित्व’. गुरुजी गेल्यावर खोडलं.

२० जुलै

पाऊस. वीज दोनदा गेली. तीन पानं.

३ ऑगस्ट, रविवार

घराचा करार आणि खटला. या भागावर दोन आठवडे गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

सोम्स फोर्साईट, वय तिशीच्या पुढे, बायको आयरीन सुंदर आणि अबोल. लंडनबाहेर रॉबिन हिलला घर बांधायचं तो ठरवतो, बायकोला मैत्रिणींपासून आणि गावगप्पांपासून दूर न्यायला. काम देतो बॉसिनीला. पत्रव्यवहार होतो. सजावटीसह घर पूर्ण होईपर्यंत सगळा खर्च १२,००० पौंडांवर जाता कामा नये, असं सोम्स लिहितो. सजावटीसारख्या नाजूक कामात नेमक्या पौंडाला मी बांधून घेऊ शकत नाही, असं बॉसिनीचं उत्तर. मग सोम्स कळवतो, दहा-वीस, अगदी पन्नास पौंड वर गेले तर वाद नाही, आणि ‘या पत्रव्यवहाराच्या अटींनुसार’ तुम्हाला ‘फ्री हँड’. बॉसिनीनं दोन शब्दांत होकार दिला. खर्च झाला १२,४००. सोम्सनं ३५० पौंडांचा दावा ठोकला.

‘फ्री हँड’ला काय? ‘मोकळा हात’ म्हटलं तर खर्चिक माणूस. ‘पूर्ण मुभा’ म्हटलं तर दावा पहिल्याच सुनावणीत बॉसिनीच्या बाजूनं. ‘मोकळीक’ घेतलं. ‘या पत्रांतल्या अटींना धरून तुम्हाला मोकळीक आहे.’ आता वाक्य दोन्हीकडे ओढता येतं, मोकळीकही आहे आणि अटही. अठरा वर्षं मी असली वाक्यं टाइप करते आणि दर वेळी वाटतं, हे लिहिणाऱ्यानं भांडण आधीच पाहून ठेवलेलं असतं. गॉल्सवर्दी स्वतः वकिलीची सनद घेतलेले (१८९०), चालवली मात्र नाही म्हणण्याइतकीच. ते इथे दिसतं. आयरीन-बॉसिनीच्या अख्ख्या प्रेमकथेचा निकाल त्यांनी एका कलमावर आणून ठेवलाय.

घरचा एक अनुभव नोंदवते. चार वर्षांपूर्वी आम्ही कौलं उतरवून छप्पर नव्यानं घातलं. कंत्राटदार म्हणाला, ‘‘वहिनी, थोडं इकडं-तिकडं होईल हं.’’ आमचे हे म्हणाले, ‘‘होऊ दे, काम चांगलं कर.’’ झालं काम चांगलंच. इकडं-तिकडं झालं ते ऐंशी हजार. दावा कुठला करता, मी स्वतः विक्रीखतं टाइप करते आणि घरी कागदाचा कपटा नव्हता. हे वाचून दाखवल्यावर माडीवरच्या प्रत्येकाला आपापलं छप्पर आठवलं आणि तालीम बुडाली.

१० ऑगस्ट

मुलीनं आज विचारलं, ‘‘काकी, माझी वाक्यं कुठं आहेत?’’

मोजली. दोन तासांच्या संहितेत आयरीनची एकूण सतरा वाक्यं. त्यातली सहा ‘नाही’ किंवा ‘हो’. मला वाटलं कापाकापीत माझ्याकडून गेली असतील, म्हणून मूळ पुस्तक पुन्हा चाळलं. नाही गेली. लेखकानं पुढे तिन्ही कादंबऱ्या एकत्र काढल्या (१९२२) तेव्हा प्रस्तावनेत सांगितलंच आहे, की आयरीन आपल्याला दिसते ती फक्त इतरांच्या डोळ्यांतून. तिच्या मनात काय चाललंय ते एकदाही आतून येत नाही. ती कशी चालते, कोणता झगा घालते, पियानो कसा वाजवते, तिच्या केसांचा रंग काय, हे सगळं पाहणारे पुरुष सांगतात. चांगल्या चांदीच्या तबकाचं वर्णन करावं तसं.

मी म्हटलं, दोन भूमिका घे, ज्यूनही वाच. ती म्हणाली नको. ‘‘मी बसते. दोन तास. सगळे माझ्याबद्दल बोलतील आणि मी समोर बसून असेन.’’ गुरुजींना पसंत नाही, अभिवाचन म्हणजे वाचन. भाऊ म्हणाले, करून पाहू.

केलं. वाईट वाटेल इतकं चांगलं झालं. जेम्स तिच्याकडे पाहून ‘‘मला कोणी काही सांगतच नाही’’ म्हणतो (हे त्याचं पालुपद, कादंबरीभर) तेव्हा ती तशीच बसून. सांगण्यासारखं तिच्याकडेच आहे.

२७ ऑगस्ट, चवथ

काम नाही. प्रियोळला सासरच्या मूळ घरी. तरी एक गोष्ट लिहून ठेवते.

माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला पुतण्या शिडीवर चढला आणि तुळईवर हात ठेवताच भुसा पडला. वाळवी. खाली उभ्या सगळ्यांनी वर पाहिलं आणि मग एकमेकांकडे. वन-फोर्टीनच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर या घराच्या जागेला तेवीस नावं आहेत. त्यातली सात हयात नाहीत, चार पोर्तुगालात, एक कोणाला आठवत नाही. घर सगळ्यांचं, तुळई कोणाचीच नाही. मोठे काका म्हणाले, ‘‘माका कोण कितें सांगतच ना.’’ शब्दशः जेम्स. मी कमला वहिनींच्या मागे जाऊन हसले. कारण सांगता आलं नाही.

माटोळी शेवटी शेजारच्या वाशाला बांधली. सोम्सला हे घर दाखवलं असतं तर त्याला घेरी आली असती. त्याच्या डोक्यात वस्तू आणि तिचा एक धनी. आमच्याकडे वाद होतो तो कोण धनी नाही यावर.

७ सप्टेंबर, रविवार

शीर्षक मिळालं. मी नाही शोधलं, पाण्याचं मीटर बघणाऱ्यानं दिलं.

दुपारी बेल. दार मी उघडलं. रेनकोट घातलेला पोरगा, हातात वही. मला पाहून म्हणाला, ‘‘मालक आहेत?’’ मी म्हटलं, ‘‘कुठल्या बाबतीत?’’ तो गोंधळला. मीटरवर नाव माझं आहे. घराच्या निम्म्या भागावर कायद्यानं नाव माझं आहे. पण मालक म्हणजे आमचे हे, हे त्याला कोणी शिकवावं लागलेलं नाही. घाटावर तर बायका नवऱ्याला सरळ ‘आमचे मालक’ म्हणतात. आमच्या कोंकणीत नवरा म्हणजे घरकार. भाटाचा तो भाटकार, घराचा तो घरकार.

मालक. नवरा आणि धनी एकाच शब्दात, त्याच अक्षरांत. इंग्रजीत लेखकाला ‘प्रॉपर्टी’ शब्दाच्या पोटात बायको भरायला अख्खी कादंबरी खर्ची घालावी लागली. मराठीत ती भरलेलीच आहे, इतकी की कोणाला दिसत नाही.

‘घरकार’ जास्त आवडलं होतं, शिवाय हा माणूस घरच बांधतोय. पण पुस्तिका उद्या सावंतवाडीच्या पलीकडे गेली तर तळटीप लागेल. गुरुजी, भाऊ, सगळ्यांनी ‘मालक’ला होकार दिला. मुलगी म्हणाली, ‘‘मुखपृष्ठावर माझा फोटो नको.’’

पाण्याचं बिल २१२ रुपये.

१४ सप्टेंबर, रविवार

तिसऱ्या भागातलं ते प्रकरण. टाळत होते.

आयरीन खोलीला आतून कडी लावायला लागली आहे. बॉसिनीवर तिचं प्रेम बसलंय, सगळ्या घराण्याला ठाऊक झालंय. एका रात्री कडी लावायची राहते. लेखक त्या रात्रीचं वर्णन करत नाही. पुढचं प्रकरण सकाळी उघडतो : सोम्सनं अखेर आपला हक्क वापरला, पुरुषासारखा वागला, आणि दुसऱ्या सकाळी नाश्त्याला एकटाच बसला. मग तिचं दाबलेलं हुंदकणं दिवसभर त्याच्या कानात. पेपर उघडतो तरी येतं, लंडनच्या धुक्यातून जाताना येतं.

‘हक्क वापरला’ लिहिलं होतं. भाऊंनी वाचलं, काही झालं नाही. ग्रंथपाल म्हणाले, काहीतरी पिळवटलेलं पाहिजे, ‘ओरबाडलं’ वगैरे. मला ते नको होतं. लेखकानं जो थंडपणा ठेवलाय तो घालवायचा आणि आपण रडायचं, ही आपली जुनी खोड.

मग लक्षात आलं, शब्द रोज माझ्या बोटांखाली असतो. बजावणे. समन्स बजावतात. हुकूमनाम्याची बजावणी होते. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात मंत्र्यांचा शाई लावलेल्या बोटासह फोटो असतो : मतदानाचा हक्क बजावला. ‘अखेर त्या रात्री सोम्सनं नवरेपणाचा हक्क बजावला आणि मर्दासारखा वागला. सकाळी तो एकटाच नाश्त्याला बसला.’ भाऊंनी बँकेत खात्याची शिल्लक सांगावी तशा आवाजात वाचलं. माडीवर पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

गुरुजी म्हणाले, हे वाचू नये, ऐकायला आयाबाया असतात.

मुलगी म्हणाली, ‘‘आयाबायांना माहीत नाही का, गुरुजी?’’

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. वाक्य राहिलं.

इंग्लंडात हा गुन्हा आहे असं न्यायालयानं म्हणायला १९९१ साल उजाडलं. आपल्या २०२३च्या न्याय संहितेत, बायको अठराच्या वर असेल तर नवऱ्याला दिलेला अपवाद अजून छापलेला आहे. पुस्तिकेत हे घालायचं का, यावर मत पडलं, तीन विरुद्ध दोन. घालायचं नाही. मी दोनमध्ये.

लेखकाचं स्वतःचं इथे सांगण्यासारखं आहे. ॲडा ही त्यांच्या चुलत भावाची बायको. त्या लग्नात ती सुखी नव्हती. दोघांचं जुळलं, पण वडिलांना धक्का नको म्हणून वर्षानुवर्षं उघड केलं नाही. वडील १९०४ मध्ये गेले, लग्न १९०५ मध्ये, कादंबरी १९०६ मध्ये. निवेदनात हे तीन आकडे एका ओळीत ठेवलेत, शेरा मारलेला नाही.

२१ सप्टेंबर

मृत्युपत्राचा प्रवेश कापला. थोरले जोलियन बंडखोर मुलाला दूर ठेवतात, पुढे नातवंडांसाठी विरघळतात आणि नवं मृत्युपत्र करतात. छान प्रवेश, पण आमच्याकडे प्रत्येकजण अडतो : मुलाला असं बाहेर ठेवताच कसं येतं? इथे निम्म्या इस्टेटीवर मुलांचा हक्क कायद्यानं पक्का, बापाला मृत्युपत्रानं हवं ते करता येतं ते उरलेल्या निम्म्याचं. तालमीत दोनदा थांबून हे समजावलं. प्रयोगात थांबता येणार नाही.

२८ सप्टेंबर

पूर्ण तालीम. दोन तास चाळीस मिनिटं. स्विदिनची घोडागाडी गेली, रॉजरचं जर्मन मटण गेलं (जड मनानं), ॲन आत्याचं मरण दीड मिनिटात. खटला तसाच. मांजर-टोपी तशीच. दोन तास सात मिनिटं.

वहिनींनी कुठून तरी माहिती आणली की बीबीसीनं याची २६ भागांची मालिका केली होती, कृष्णधवल, जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाली. गुरुजी लगेच ताठ. त्या महिन्यात गोव्यात कोण टीव्ही बघणार, १६ तारखेला जनमत कौल होता, महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित. मग अर्धा तास १९६७. गुरुजी तेव्हा नऊ वर्षांचे होते पण बोलतात पुढाऱ्यासारखे.

१२ ऑक्टोबर, रविवार

झालं.

पासष्ट खुर्च्या मांडल्या, एक्केचाळीस भरल्या. साडेपाचला सुरू. माइकनं पहिल्या दहा मिनिटांत दोनदा दगा दिला, मग भाऊंनी तो बाजूला ठेवला आणि तसंच वाचलं. ते बरं झालं.

ज्यूनच्या नावाला कोणी हसलं नाही. टोपीला पोटभर हसले. ‘‘मला कोणी काही सांगतच नाही’’ तिसऱ्यांदा आलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी गुरुजींच्या आधीच म्हणून टाकलं. खटल्याच्या वेळी पुढे झुकून ऐकत होते, निकाल सोम्सच्या बाजूनं लागला तेव्हा एक गृहस्थ ‘‘बरोबर’’ म्हणाले, जरा मोठ्यानं. त्यांचंही बांधकाम चालू असावं. त्याच निकालाच्या सुमारास बॉसिनी धुक्यात घोड्यांच्या बसखाली जातो, हे भाऊंनी न थांबता वाचलं.

‘हक्क बजावला’ला काही आवाज आला नाही. मुलगी पूर्ण वेळ खुर्चीत, हात मांडीवर. एकदा पदर सारखा केला, तेवढंच. शेवटी आयरीन त्याच घरी परत येते, जायला दुसरी जागा नाही म्हणून, आणि सोम्स दार लावून घेतो. तिथे संपवलं.

चहा-भजी चालू असताना एक आजी माझ्याकडे आल्या. नव्वदीच्या असतील, नऊवारी, काठी. मला वाटलं त्या रात्रीबद्दल काही म्हणणार. त्या म्हणाल्या, ‘‘मगीर बाये, तिचो अर्दो वांटो खंय गेलो?’’

मी सांगायला लागले. तिथं तसा कायदा नव्हता, आजी. १८८२ मध्ये त्यांनी कायदा केला तो एवढाच, की बायकोचं जे स्वतःचं असेल ते तिचं राहील. आयरीनकडे बापाकडून आलेले वर्षाचे पन्नास पौंड. बाकी सगळं त्याचं. आपल्याकडे पोर्तुगीजांचा १८६७चा नागरी कायदा, १८७० पासून लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं सगळं एका ढिगात, आणि त्यातलं अर्धं बायकोचं. कारभार नवऱ्याकडे, हे खरं, पण जमीन विकायची तर तिची सही लागते.

हे मी आजींना समजावून सांगत होते. त्या मान हलवत होत्या, मुलं पाढे म्हणताना मोठी माणसं हलवतात तशी.

‘‘ह्यांनी भाटाचा खालचा कोपरा विकायला काढला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बासष्ट-त्रेसष्ट साली. गिऱ्हाईक आणलं, नोटरीकडे नेलं. मी पेन खाली ठेवलं. वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. अजून तिथं माझे नऊ माड आहेत.’’

मग भज्याचा तुकडा मोडता मोडता, ‘‘रात्री कोणी सही विचारली नाही हं पण. तिथं तुझं बरोबर आहे.’’

सून येऊन त्यांना घेऊन गेली, बस होती.

१३ ऑक्टोबर

खुर्च्या मंडपवाल्याला परत, दोन कमी भरल्या, एक माडीवरच सापडली. माइकचे पैसे द्यायचे नाहीत, असं ग्रंथपालांचं मत. मी निम्मे द्या म्हटलं.

म्हार्दोळहून विचारणा आली आहे, दिवाळीनंतर. माइक न घेता. गुरुजींना पुन्हा मृत्युपत्राचा प्रवेश घालायचा आहे.

पुस्तिकेच्या तीस प्रती झेरॉक्सला टाकल्या. मुखपृष्ठावर फक्त शब्द. आजींसाठी एक वेगळी, १८ पॉइंटमध्ये, जाड कागदावर. ग्रंथपालांकडे सुनेचा नंबर आहे, फोन करायचा.